संगीतकार बाखच्या आधीचं जर्मन समूहगान ऐकायचं असेल तर हाइनरिश श्युट्झपासून सुरुवात करावी का? तो कोण होता?

हो, जरूर करा. श्युट्झ हा जर्मन संगीतकार; त्याचा जन्म १५८५चा, म्हणजे बाखच्या बरोबर शंभर वर्षं आधीचा. तरुणपणी तो व्हेनिसला जोव्हान्नी गाब्रिएली या संगीतकाराकडे शिकला आणि पुढे मरेपर्यंत, १६७२पर्यंत, ड्रेस्डेनच्या दरबाराशी जोडलेला राहिला.

१६१९च्या ‘प्साल्मेन दाविद्स’ (दाविदाची स्तोत्रं) या संग्रहामध्ये व्हेनिसचा थाट पुरेपूर आहे: अनेक गायकवृंद समोरासमोर, एकाचा सूर दुसरा झेलतो. मग तीस वर्षांच्या युद्धाने दरबार कंगाल झाला, गायक पांगले. श्युट्झने हात टेकले नाहीत. १६३६ आणि १६३९मध्ये त्याने एक ते पाच गळे आणि साथीला ऑर्गन एवढ्यावर भागतील अशा रचना छापल्या. मला त्याचा खरा मोठेपणा इथेच दिसतो.

पण आधी ऐका ‘मुझिकालिशे एक्झेक्विएन’ (अंत्यविधीचं संगीत, १६३६). गेराच्या हाइनरिश पोस्टुमुस रॉइस या सरदाराने जिवंतपणीच स्वतःची शवपेटी करवून तिच्यावर बायबलची वचनं कोरून घेतली होती. तीच वचनं श्युट्झने त्याच्या अंत्यविधीसाठी स्वरबद्ध केली. शेवटच्या भागात ऑर्गनजवळचा गायकवृंद खालच्या, जड सुरांत ‘आता तुझ्या दासाला शांतीने जाऊ दे’ अशी विनवणी करतो आणि लांबून तीनच आवाज येतात: दोन देवदूतांचे, एक मुक्त झालेल्या आत्म्याचा. हेडफोन लावून, रात्री ऐका. ते तीन आवाज पहिल्यांदा ऐकले तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

नंतर १६४८चं ‘गाइस्टलिशे कोरमुझीक’ (धार्मिक समूहगानांचा संग्रह) घ्या.