गोळी ताटाशेजारी ठेवा

प्रिय ताई,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. वय ३८, शाळेत शिक्षिका, अंगाने सडपातळ. दोन वर्षांपूर्वी टाइप टू मधुमेह निघाला, तेव्हा ‘तोंडावर ताबा नसला की असेच होते’ असे सासूबाई म्हणाल्या आणि नणंदेचे लग्न जमेपर्यंत ही गोष्ट बाहेर जाता कामा नये, असे त्यांनी बजावले. तेव्हापासून तुम्ही सकाळी साडेसहाला न्हाणीघराची कडी लावून दोन्ही गोळ्या घेता. गेल्या महिन्यात दुसऱ्या तासाला हातातला खडू थरथरू लागला, दरदरून घाम फुटला, म्हणून तुम्ही शिक्षकांच्या खोलीत येऊन तिथे ठेवलेला पेढा खाल्ला. आणि तुमच्या पर्समधील गोळ्यांची पट्टी पूर्वी पाहिलेल्या एक बाई सर्वांदेखत म्हणाल्या, ‘साखर असून पेढे?’ आता डॉक्टरांनी इन्सुलिन सुचवले आहे आणि तुम्ही चार महिने ते टाळत आहात. शेवटी तुम्ही विचारता, ‘माझे काय चुकले?’

आधी त्या पेढ्याविषयी लिहिते, कारण तो खाताना तुमचे काहीही चुकलेले नव्हते. तुमच्या दोन गोळ्यांपैकी ग्लिमेपिराइड ही स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते आणि म्हणून ती नाश्त्याच्या वेळी, किंवा त्याच्या अगदी थोडे आधी घ्यायची असते. तुम्ही ती साडेसहाला घेता आणि पहिला घास मधल्या सुट्टीत खाता. रक्तातील साखर उतरणार नाही तर काय होईल? ती दर १०० मिलिलिटर रक्तात ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावी, आणि मग पोटभर काही खावे, हाच उपचार आहे. त्या क्षणी तुम्ही पेढ्याला लाजून वर्गात परत गेला असता, तर मुलांसमोर कोसळला असता. मेटफॉर्मिनमुळे मळमळते असेही तुम्ही लिहिता. तीही गोळी जेवणाबरोबर घ्यायची असते, रिकाम्या पोटी नव्हे. म्हणजे तुमचा निम्मा त्रास त्या लावलेल्या कडीमुळे होतो आहे. हे वाचताना मला फार वाईट वाटले.

गोड खाण्याचा काहीच संबंध नसतो, असे मी म्हणणार नाही. वाढलेला घेर, बैठे काम आणि गरजेपेक्षा जास्त खाणे यांचा वाटा असतोच. परंतु आईवडिलांकडून आलेली प्रवृत्ती आणि आपल्या लोकांची शरीराची ठेवण यांचा वाटाही मोठा असतो, आणि तो ताटाकडे पाहून कळत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण मांडले होते. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३ होता, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के होती. दिसायला किडकिडीत आणि आतून चरबी, हा आपल्याकडचा ओळखीचा प्रकार आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे. या सगळ्यांच्या जिभेला लगाम नव्हता, असे सासूबाईही म्हणणार नाहीत.

नणंदेच्या लग्नाची भीती तर मला अजिबात पटत नाही. तुमचे आणि तिचे रक्ताचे नाते नाही. तुमच्या मधुमेहाने तिच्या स्थळांचे काय बिघडणार? आणि तिच्या रक्ताच्या नात्यात कोणाला असता, तरी तो झाकण्यासारखा डाग ठरला नसता, तिने स्वतःची साखर वेळेवर तपासून घ्यावी एवढेच त्याचे कारण ठरले असते.

इन्सुलिन म्हणजे शेवट, ही समजूत कुठून आली तेही पाहा. पूर्वी ते बरेचदा फार उशिरा सुरू होई, डोळे किंवा मूत्रपिंड बिघडल्यावर. मग घरच्यांना वाटे की सुई लागली म्हणून माणूस खचला. स्वादुपिंडातील पेशींची क्षमता वर्षांगणिक कमी होत जाते आणि गोळ्या पुरेनाशा होतात, यात शिस्त मोडल्याचा प्रश्न नसतो. इन्सुलिनची सवयही लागत नाही. ते शरीराचेच द्रव्य आहे आणि साखर ताब्यात आल्यावर काहींचे डोस कमीही होतात. तुमचे एचबीएवनसी, म्हणजे रक्तातील साखरेची तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी, ९.४ टक्के आहे. आणखी चार महिने थांबू नका.

उद्या सकाळी नाश्त्याला बसा आणि गोळ्यांची पट्टी तुमच्या ताटाशेजारी, सर्वांना दिसेल अशी ठेवा. सासूबाईंनी काही म्हटले तर आवाज न चढवता सांगा, ‘आई, ही गोळी मला नाश्त्याबरोबरच घ्यायची आहे. लपवून घेतली की मला चक्कर येते.’ शाळेत निदान एका विश्वासाच्या बाईंना घाम आणि थरथर यांचा अर्थ आणि तीन चमचे साखरेचा उपाय समजावून ठेवा. गोळ्यांच्या वेळा आणि तो दुसऱ्या तासाचा प्रसंग डॉक्टरांना जसा घडला तसा सांगा, कारण इन्सुलिन सुरू करताना त्यांना ग्लिमेपिराइडचा डोस बदलावा लागू शकतो. जाताना यजमानांना सोबत न्या. पेनाची सुई जेमतेम चार मिलिमीटरची असते. ती कशी लावायची हे परिचारिकेकडून दोघांनी एकाच वेळी शिकून घ्या, आणि पहिली सुई यजमानांनाच लावायला सांगा.