मुलगा ‘प्रॉप’ व्हायचं म्हणतोय

प्रश्न : माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे, वजन 96 किलो. सहावीपासून तालमीत जातो. यंदा कॉलेजच्या रग्बी संघात घेतलं आणि सरांनी त्याला ‘प्रॉप’ केलं. आता खोलीत दक्षिण आफ्रिकेच्या ‘बीस्ट’चं पोस्टर लावलंय, दिवसभर त्याचंच नाव. मला या खेळातलं काही कळत नाही. टीव्हीवर पाहते तर सगळे एकमेकांच्या अंगावर पडलेले. हा प्रॉप नक्की करतो काय? त्या बीस्टचं पुढे काय झालं? आणि पोराच्या मानेला काही होणार नाही ना?
– एक आई, वाळवा तालुका, जि. सांगली

उत्तर : ताई, मानेचा प्रश्न तुम्ही शेवटी लिहिलात, पण पत्र त्यासाठीच लिहिलंय हे कळलं. त्यावर येतेच. आधी प्रॉपचं काम सांगते, नाहीतर मानेचं बोलणं उमजायचं नाही.

2006 ते 2012 मी डरबनला होते. नवऱ्याची नोकरी बंदरात आणि मी एका क्लिनिकमध्ये फिजिओथेरपिस्ट. शनिवारी सामने झाले की सोमवारी सकाळी क्लबांचे खेळाडू दुखणी घेऊन यायचे. कडेने पळणारे पोरगे मांडी धरून, लंगडत यायचे. प्रॉप दारातच ओळखू यायचा. मागून हाक मारली तर मान वळवायचा नाही, अख्खं अंग वळवायचा.

पंधरा जणांच्या रग्बीत चेंडू हातून पुढे सांडला की खेळ स्क्रमने पुन्हा सुरू होतो. दोन्हीकडचे आठ-आठ जण वाकून एकमेकांत गुंततात आणि रेटतात. पहिल्या रांगेत तिघं. मधला हूकर, आणि त्याच्या दोन बाजूंना दोन प्रॉप, म्हणजे टेकू. डावीकडचा एक नंबर, लूजहेड. त्याच्या डोक्याची डावी बाजू मोकळी राहते. उजवीकडचा तीन नंबर, टाइटहेड. त्याचं डोकं समोरच्या दोघांच्या मधे शिरतं आणि दोघांचाही भार त्याच्यावर येतो. मागून स्वतःचेच पाच जण ढकलत असतात. मोठ्या संघांत आठ जणांचं वजन नऊशे किलोपर्यंत भरतं. एवढा जोर ज्या सांध्यातून समोर जातो, तो सांधा म्हणजे प्रॉपची मान, खांदे आणि कंबर.

तुमच्या मुलाला खडाखडी ठाऊक आहे. समोरच्याच्या मानेवर हात, कपाळाला कपाळ, पायांत जोर. स्क्रममधेही तसंच, पण इथे पकड सोडून बाजूला सरकता येत नाही. म्हणून तालमीतल्या मुलाला तिथे उभं करावंसं वाटतं, आणि म्हणूनच मला काळजीही वाटते.

आता बीस्ट. त्याचं नाव तेंडाई म्टावारिरा. जन्म 1985 चा, हरारेचा, म्हणजे झिम्बाब्वेचा. लहानपणी वर्गात सगळ्यांत दांडगा, तेव्हाच मित्राने ‘बीस्ट’ नाव पाडलं आणि ते कायमचं चिकटलं. शाळा संपल्यावर तो डरबनला तिथल्या शार्क्स संघाच्या अकादमीत आला. आणि ताई, ही गोष्ट मुलाला मुद्दाम सांगा : तेव्हा तो प्रॉप नव्हताच. मागच्या रांगेत खेळायचा, चेंडू घेऊन धावणारा गडी. विशीत आल्यावर शार्क्सचे प्रशिक्षक डिक म्यूर यांनी त्याला पहिल्या रांगेत आणलं. सतरा-अठराव्या वर्षी त्याने पळणं, चेंडू पकडणं, माणूस आडवा करणं शिकून घेतलं होतं. स्क्रमचं ओझं अंग भरल्यावर आलं. पुढे शेवटच्या सामन्यापर्यंत तो चेंडू घेऊन माणसं तुडवत जायचा, ते त्या आधीच्या वर्षांचं देणं.

14 जून 2008 ला प्रिटोरियात वेल्सविरुद्ध तो पहिली कसोटी, म्हणजे देशाकडून पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला. पुढच्याच वर्षी 20 जूनला ब्रिटिश अँड आयरिश लायन्स डरबनला आले. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंड या चौघांतून निवडलेला हा संघ. दक्षिण आफ्रिकेत तो बारा वर्षांतून एकदा येतो, त्यामुळे शहर आठवडाभर लाल जर्सीवाल्यांनी भरलं होतं. क्लिनिकमधल्या सहकाऱ्यांबरोबर मीही किंग्ज पार्कला गेले. बीस्टसमोर होता फिल व्हिकरी, 2003 च्या विश्वविजेत्या इंग्लंडचा प्रॉप. बीस्टच्या खात्यावर कसोटीचं जेमतेम एक वर्ष. पहिल्या काही स्क्रममधेच व्हिकरीचं अंग खालून उचललं जाऊ लागलं, पाठ वाकडी होऊ लागली, आणि पंचांची शिट्टी परत परत दक्षिण आफ्रिकेच्या बाजूने वाजली. दुसऱ्या डावाच्या सुरुवातीलाच व्हिकरीला बाहेर घेतलं. सामना 26-21. आमच्या स्टँडमधून ‘बीऽऽऽस्ट’ असा लांबलचक आवाज उठायचा. त्या मैदानावर मी पहिल्यांदा तो ऐकला होता तेव्हा लोक हुर्यो करतायत असं वाटून मला वाईट वाटलं होतं. शेजारच्या आजोबांनी समजावलं की बाई, हे प्रेम आहे.

त्याच सामन्यात तीन नंबरवर कर्णधार जॉन स्मिट होता. खरं तर तो हूकर. एवढा अनुभवी माणूससुद्धा एक जागा सरकला की त्याला स्क्रम नव्याने शिकावा लागतो. लूजहेड आणि टाइटहेड ही दोन वेगळी कामं आहेत. सर तुमच्या मुलाला आज एक नंबर, उद्या तीन नंबर असं करत असतील तर तेही विचारून घ्या.

बीस्टचा पुढचा रस्ता सरळ नव्हता. 2010 मधे त्याच्या नागरिकत्वावरून वाद झाला. झिम्बाब्वेचा नागरिक दक्षिण आफ्रिकेची जर्सी कशी घालतो, असं सरकारातूनच विचारलं गेलं. त्या वर्षी नागरिकत्व मिळालं तेव्हा मार्ग मोकळा झाला. हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा त्रासही होता, त्यापायी 2012 मधे मैदानाबाहेर बसावं लागलं. उपचार घेऊन तो परतला. असं करत करत 117 कसोट्या झाल्या. तो निवृत्त झाला तेव्हा त्याच्याहून जास्त कसोट्या फक्त व्हिक्टर मॅटफिल्ड आणि ब्रायन हबाना या दोघांच्या होत्या.

शेवटची कसोटी 2 नोव्हेंबर 2019 ची, जपानमधे योकोहामाला, विश्वचषकाची अंतिम फेरी. बीस्ट 34 वर्षांचा. इंग्लंडचा टाइटहेड काइल सिंकलर सुरुवातीच्या मिनिटांतच डोक्याला मार लागून बाहेर गेला आणि डॅन कोलला जवळजवळ संपूर्ण सामना एकट्याने ओढावा लागला. बीस्टने त्या बाजूने जोर लावला, स्क्रमवर पेनल्टी मिळत गेल्या आणि हांद्रे पोलार्डने त्यांचे गुण केले. 32-12. मी ठाण्याला घरी टीव्हीसमोर होते. तो बाहेर जाताना स्टँडमधून तोच लांबलचक आवाज आला आणि मला रडू आलं. त्यानंतर त्याने आंतरराष्ट्रीय खेळ थांबवला. पुढे अमेरिकेत वॉशिंग्टनच्या संघाकडे गेला, पण 2020 चा तो हंगाम महासाथीने अर्ध्यातच बंद पडला.

चौतिसाव्या वर्षी विश्वविजेता, ही काही एकट्याची कमाल नव्हे. प्रॉपचं शरीर उशिरा पिकतं. दक्षिण आफ्रिकेचाच प्रॉप ओस डू रांड 1995 चा विश्वचषक बावीस वर्षांचा असताना जिंकला. दुखापतींनी त्याचा खेळ सुटला. काही वर्षं बाहेर राहून 2003 मधे तो परत आला आणि 2007 चा विश्वचषक पस्तिसाव्या वर्षी जिंकला. ‘ओस’ म्हणजे आफ्रिकान्स भाषेत बैल.

दुसरी बाजू लपवणार नाही. स्टीव्हन किट्सहॉफ, लाल केसांचा लूजहेड, 2019 आणि 2023 असे दोन विश्वचषक जिंकलेला, 83 कसोट्या. 2024 मधे प्रांतीय स्पर्धेतल्या एका सामन्यात त्याची मान दुखावली. फेब्रुवारी 2025 मधे त्याने खेळ सोडला. दुखापत अशी होती की पुन्हा स्क्रममधे डोकं घालणं जिवावर बेतलं असतं. ताई, त्याची मान बहुतेक पैलवानांपेक्षा मजबूत होती. म्हणजे मान मजबूत केली की धोका संपला, असं मी म्हणणार नाही. धोका बराच कमी होतो, एवढंच.

तो कमी कसा होतो, ते सांगते. एकोणीस वर्षांखालच्या सामन्यांसाठी नियमच वेगळे आहेत. स्क्रम दीड मीटरच्या पुढे ढकलता येत नाही. पहिल्या रांगेत उभं राहायला त्या जागेचं शिक्षण झालेलं असावं लागतं. तसा बदली खेळाडू नसेल तर पंच स्क्रममधलं रेटणंच बंद करतात. तुमच्या कॉलेजच्या सामन्यांत हे पाळलं जातं का, हे सरांना तोंडावर विचारा. प्रॉप जखमी झाला म्हणून कडेच्या पोराला आत घालणारी माणसं मी पाहिली आहेत. तालमीतल्या ब्रिजने मान भरते हे खरं, पण स्क्रममधे मान ताठ, पाठ सपाट आणि नजर वर ठेवून भार घ्यावा लागतो. तो सराव आधी एकास एक, मग तिघांचा, मग स्लेडवर, म्हणजे ढकलायच्या लोखंडी सांगाड्यावर, आणि शेवटी खऱ्या आठांत, असा महिनोन्महिने चढवायचा असतो.

माझी एक चूक सांगते. डरबनला एकोणीस वर्षांचा एक टाइटहेड आला. टक्कर झाल्यावर उजव्या हातात वीज गेल्यासारखं होऊन मुंग्या आल्या, म्हणाला, पण आता काही नाही. तपासलं, हालचाल नीट होती. मी त्याला आठवडाभर थांबायला सांगितलं आणि सोडलं. डॉक्टरकडे पाठवून मानेचा एमआरआय करून घ्यायला हवा होता. दहा दिवसांनी तो परत आला तेव्हा हाताने पेला धरता येत नव्हता. ताकद यायला पाच महिने लागले, आणि त्या पाच महिन्यांत दर सोमवारी त्याची आई बाहेर बाकावर बसलेली असायची. तुमचं पत्र वाचताना मला तीच बाई दिसत होती. म्हणून मुलाला एवढं पक्कं सांगून ठेवा : हाताला मुंग्या आल्या, एकदाच आल्या, क्षणभरच आल्या, तरी खेळ थांबवायचा आणि घरी सांगायचं. सांगितलं म्हणून रागावणार नाही, असा शब्द तुम्हीही त्याला द्या.

आणि पोटापाण्याचं. दक्षिण आफ्रिकेत पार्ल, स्टेलनबॉश, ब्लूमफाँटेन, डरबन इथल्या शाळांत रग्बी म्हणजे गावाचा उत्सव. अठरा वर्षांखालच्या मुलांची क्रेव्हन वीक ही स्पर्धा 1964 पासून चालते आणि मोठ्या संघांचे लोक तिथेच मुलं हेरतात. पुढे अकादमी, प्रांत, मग फ्रान्स किंवा जपानचा करार. आपल्याकडे ही साखळी नाही. 2025 च्या जूनमधे मुंबईत अंधेरीला रग्बी प्रीमियर लीग झाली, पण ती सात-सात जणांची. तिथे स्क्रम तिघांचा असतो आणि पळणारे लागतात, 96 किलोचा टेकू लागत नाही. त्यामुळे त्याने शिक्षण सोडू नये, कुस्तीही सोडू नये. एकविसाव्या वर्षापर्यंत भरपूर पळू दे, चेंडू हाताळू दे. पोस्टरमधला माणूस याच वाटेने गेला.

प्रश्न : दक्षिण आफ्रिका दुसऱ्या डावात पहिली रांग अख्खी बदलते. चांगला खेळणारा प्रॉप बाहेर का काढतात?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : काढत नाहीत हो, ते आधीच ठरलेलं असतं. तेवीस जणांत आठ राखीव, त्यांत पहिल्या रांगेतल्या तिन्ही जागांचे बदली असावेच लागतात. प्रशिक्षक रासी इरास्मस यांनी 2019 मधे आठांपैकी सहा पुढच्या फळीचे, म्हणजे स्क्रममधे रेटणारे घेतले, 2023 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात तर सात होते. या राखीव फळीला ‘बॉम्ब स्क्वॉड’ म्हणतात. पहिल्या तिघांनी चाळीस-पन्नास मिनिटं हातचं काही न राखता झुंजायचं, मग ताजे तिघं दमलेल्या प्रतिस्पर्ध्यावर सोडायचे. त्याच विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात इंग्लंड पुढे होतं. राखीव लूजहेड ऑक्स न्चे आला, शेवटच्या मिनिटांत स्क्रमवर पेनल्टी मिळाली, पोलार्डने लांबून मारली, 16-15. राखीव हा कमी प्रतीचा, ही समजूत त्या देशात प्रॉपनी मोडून काढली. मला ती गोष्ट फार आवडते.

प्रश्न : प्रॉप कानांवर टेप का गुंडाळतात? माझ्या भाच्याचा कान सामन्यानंतर फुगलाय.
– एक वाचक, कराड

उत्तर : आपल्या पैलवानांचे मोडलेले कान पाहिलेत ना, तेच कारण. घासल्याने, चेंगरल्याने कानाची कातडी आणि आतली कूर्चा यांच्यामधे रक्त साठतं. कूर्चेला रक्तपुरवठा कातडीकडूनच होतो, तो तुटला की ती मरते आणि कान गाठीसारखा कडक होतो. टेप किंवा मऊ टोपी कान वाचवते. मेंदूला बसणारा हादरा मात्र त्या टोपीने टळत नाही. भाच्याला आजच कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे न्या. ते रक्त काढून वरून दाबाची पट्टी बांधतील. घरी सुई टोचू नका. आणखी काही दिवस वाट पाहिलीत तर आतलं रक्त घट्ट होईल आणि मग ते निघणार नाही.