मादी पाठीवर पडली आहे : आधी कात, मग नर

तुझी टॅरंटुला, म्हणजे पाळलेली मोठी केसाळ कोळीण, मेलेली नाही. हात लावू नकोस, सरळ करू नकोस, पाणी फवारू नकोस. आणि आईला सांग, तुळशीच्या कुंडीत पुरायची घाई नको.

ती मेली का, आणि मित्राचा नर जोडीला लगेच सोडू का, असं तू विचारलंस. पहिल्याचं उत्तर तुझ्या प्रश्नातच आहे. मेक्सिकन रेड नी जातीची मादी, पाच आठवडे खाणं बंद, पोटावरचा टकलाचा डाग काळाकुट्ट, आणि काल रात्रीपासून पाठीवर. ती कात टाकते आहे. मरणारा टॅरंटुला सहसा पाठीवर पडत नाही. तो पोटावरच बसलेला असतो आणि पाय अंगाखाली मुठीसारखे आवळून घेतो. कोळ्याच्या पायांच्या मुख्य सांध्यांत दुमडायचे स्नायू असतात, पण सरळ करायचे नसतात. पाय पसरायला तो अंगातल्या द्रवाचा दाब वापरतो. दाब गेला की पाय आपोआप आवळतात. डागाचा काळा रंग म्हणजे आत तयार झालेले नवे केस जुन्या कातडीतून दिसताहेत. मोठ्या मादीला सगळं मिळून काही तास लागतात, कधी पूर्ण दिवसही जातो.

डब्यात खाण्यासाठी सोडलेलं झुरळ किंवा मीलवर्म (भुंग्याची अळी) उरला असेल तर तो मात्र हळूच चिमट्याने काढ. या वेळी तिचे सुळेसुद्धा मऊ असतात, आणि मीलवर्म खालून येऊन तिला कुरतडू शकतो. पुढेही मीलवर्म देताना आधी त्याचं डोकं चिमटून दे, नाहीतर तो मातीत घुसून बसतो.

आता इंदूरच्या मे महिन्याबद्दल. हवा कोरडी असते, आणि कात अडकण्यामागे बऱ्याचदा शरीरातली पाण्याची कमी असते. ही कमी आदल्या काही आठवड्यांतली असते, त्यामुळे आज फवारून काही मिळत नाही, ती बिथरते तेवढी. एरवीचा उपाय सोपा आहे : पाण्याची वाटी कायम भरलेली, आणि आठ-दहा दिवसांनी सुई नसलेल्या सिरिंजने एका कोपऱ्यात तळापर्यंत ४०-५० मिली पाणी. वरचा थर कोरडाच राहू दे. पावसाळ्यात हे पाणी जवळजवळ बंद कर, कारण तेव्हा बुरशी आणि बारीक किडे होतात. कूलर चालू असेल तर हरकत नाही, फक्त झोत थेट डब्यावर नको. खरी भीती डासांच्या मशीनची आहे. त्यातलं औषध कीटकांच्या मज्जासंस्थेवर चालतं आणि कोळ्याला सोडत नाही. त्या खोलीत मशीन, कॉइल, झुरळांचा खडू, काहीही नको. गल्लीत फॉगिंगची गाडी आली की खिडक्या बंद. आणि घरात पकडलेलं झुरळ कधीच खायला देऊ नकोस, ते कुठलं औषध चाटून आलंय कोणास ठाऊक.

डबा बदलायचा असेल तर आत्ता नाही, दोन आठवड्यांनी. १३ सेंटीमीटरच्या मादीला साधारण ४० बाय २५ सेंटीमीटर तळ पुरतो. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) १२ सेंटीमीटर खोल, आणि मातीपासून झाकणापर्यंत २० पेक्षा जास्त उंची नको. या जमिनीवरच्या कोळ्याचं पोट पातळ पिशवीसारखं असतं, पडला की फुटतं. लोक हौसेने उंच टाकी घेतात आणि तिथेच घात होतो. नर्सरीतलं तयार मिश्रण आणू नकोस, त्यात निंबोळी पेंड आणि खत असतं. कोकोपीटची साधी वीट आण, दोनदा धू, पिळून एक दिवस पसरून ठेव.

कात निघाली की ती तारीख डब्यावर मार्करने लिही. नराबद्दलचं सगळं या तारखेवरून ठरतं. सुळे आधी पांढरे, मग लालसर, मग काळे होतात. काळे होईपर्यंत, म्हणजे दहा-बारा दिवस, खाणं नाही. टाकलेली कात चिमट्याने उचल, तिच्यावरही खाजरे केस असतात. हाताला लागले तर चोळू नकोस, सेलोटेप चिकटवून उपटून काढ. डोळ्यांत गेले तर पाण्याने धुऊन थेट डोळ्यांचा डॉक्टर. ती कात भांडी धुण्याच्या साबणाचा एक थेंब टाकलेल्या पाण्यात भिजवून पोटाचा भाग उलगड. पुढच्या दोन फुप्फुसांच्या पांढऱ्या चकत्यांमध्ये छोटी पाकळी दिसली तर ती मादीच. दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नये.

मित्राचा नर लगेच सोडू का, या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. मादी नराचं शुक्र त्याच पाकळीत साठवते, आणि कात टाकताना पाकळीचं अस्तरही टाकून देते. म्हणजे गेल्या महिन्यात जोडी लावली असतीस तर सगळं वाया गेलं असतं. उलट आता तुझ्या हातात मोठी मुदत आहे, कारण पूर्ण वाढलेली मादी साधारण वर्ष-दोन वर्षांनी कात टाकते. सहा ते आठ आठवडे थांब, आठवड्याला एक मोठा शिकार-कीटक दे, जुलैच्या मध्यात नर आण. तिचं पोट पुढच्या भागापेक्षा स्पष्ट मोठं दिसायला हवं. भुकेली मादी नराला जेवण समजते.

नर पक्का हवा : तोंडाजवळच्या छोट्या पायांसारख्या दोन पाल्पांची टोकं बॉक्सिंगच्या ग्लोव्हसारखी, पुढच्या पायांखाली आकडे. शेवटची कात टाकल्यावर तो काही महिने ते वर्षभर जगतो, तेव्हा मित्राला ती तारीख विचार. आठ महिने झाले असतील तर दुसरा शोध. जोडी संध्याकाळी लाव. नर पाय आपटून ताल धरतो, मादी आपटून उत्तर देते, मग तो आकड्यांनी तिचे सुळे अडवून तिला वर उचलतो. हातात लांब ब्रश आणि पुठ्ठा तयार ठेव, वेगळे झाले की मध्ये पुठ्ठा घाल आणि नराला काढ. दहा दिवसांनी पुन्हा एकदा.

त्यानंतर माळव्याचा मोसम तुझ्या बाजूने आहे. हा कोळी मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्याजवळचा. तिथेही पाऊस जून ते ऑक्टोबर आणि पुढे लांब कोरडा काळ. डिसेंबर-जानेवारीत हीटर न लावता खोलीची थंडी लागू दे, १६-१८ अंश चालतात. फेब्रुवारीत ऊब वाढली की पाणी आणि खाणं वाढव, मग अंड्यांची पिशवी होण्याची शक्यता चांगली. पिशवी केल्यावर डबा हलवला तर मादी ती खाऊनही टाकते. तीस-पस्तीस दिवसांनी पिशवी काढून अंडी पाण्यावर ताणलेल्या नायलॉनच्या मोज्यावर ठेव, २६-२७ अंशांवर, आणि काळी पडलेली रोज उचलून टाक.

मित्राकडून नर घेण्याआधी कागद बघ. रेड नी ज्यात येतो त्या ब्रॅकिपेल्मा गटातले कोळी साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, परिशिष्ट दोनमध्ये आहेत. वन्यजीव कायद्याची २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाल्यावर असे प्राणी बाळगणाऱ्याला नोंदणी करावी लागते, ती २०२४ च्या नियमांनुसार केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश २.० पोर्टलवर होते. पिल्लं झाली, प्राणी मेला, कुणाला दिला, तेही कळवायचं असतं. बिनकागदाचा नर फुकट मिळाला तरी महाग.

आणि एका पिशवीतून काहीशे पिल्लं निघतात. खायला लागली की एकमेकांनाही खातात, म्हणून प्रत्येकाला वेगळी डबी. शेव-फरसाणच्या दुकानात चटणी बांधून देतात तशा ३० मिलीच्या डब्या चालतील, सुईची भोकं आतून बाहेर पाडायची म्हणजे काठ टोचत नाही. खायला चिरलेल्या मीलवर्मचा तुकडा. तीनशे डब्या, दर आठवड्याला दोनदा. हा हिशेब जुलैच्या आधी कर.