त्वचेची पेशी आणि चेतापेशी यांतला डीएनए एकच, मग फरक कुठून येतो?

तुमचा प्रश्न असा आहे: शरीरातल्या सगळ्या पेशी एकाच फलित अंड्यापासून तयार होतात, सगळ्यांत तीच 46 गुणसूत्रं असतात, तर एक पेशी त्वचेची आणि दुसरी मेंदूची कशी होते? नको असलेली जनुकं चेतापेशी काढून टाकते का?

नाही. माणसात प्रथिनांची माहिती असलेली जनुकं साधारण 20,000 आहेत आणि चेतापेशीत ती सगळी शाबूत असतात, अगदी इन्सुलिनचं आणि हिमोग्लोबिनचंसुद्धा. प्रत्येक प्रकारची पेशी त्यातली ठरावीकच वाचते, म्हणजे त्यांच्यावरून प्रथिनं बनवते. ऊर्जा मिळवणं, प्रथिनं बांधणं ही कामं सगळ्यांनाच करावी लागतात, त्यामुळे त्यांची जनुकं सगळीकडे चालू असतात. पेशीची ओळख ठरते ती बाकीच्यांवरून.

तुमच्याच दोन पेशी घेऊ. त्वचेच्या वरच्या थरातली पेशी केराटिन हे चिवट प्रथिन बनवत सुटते, त्यानेच भरते, हळूहळू वर सरकते आणि मरते. त्या मेलेल्या पेशींचा थर म्हणजे आपलं संरक्षण. चेतापेशीचा भर असतो तिच्या बाह्य आवरणातल्या (पटलातल्या) आयन-मार्गांवर, म्हणजे विद्युतभारित कणांना (आयनांना) ये-जा करू देणाऱ्या दारांवर. ती शांत असताना तिची आतली बाजू बाहेरच्यापेक्षा सुमारे 70 मिलिव्होल्टने ऋण असते. पुरेसं उद्दीपन मिळालं की सोडियमचे मार्ग उघडतात, धन आयन आत घुसतात आणि हा बदल अक्षतंतूवरून, म्हणजे चेतापेशीच्या लांब धाग्यावरून, पुढे सरकत जातो. पाठीच्या कण्यापासून पावलापर्यंत जाणारा एकच अक्षतंतू जवळजवळ 1 मीटर लांब असू शकतो! हे सगळं घडवणारी जनुकं त्वचेच्या पेशीतही आहेत, फक्त तिथे त्यांचा असा वापर होत नाही.

कोणती जनुकं वाचायची हे ठरवण्यात मोठा वाटा ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर नावाच्या प्रथिनांचा. ती डीएनएवर ठरावीक जागी जाऊन बसतात आणि तिथलं वाचन सुरू करतात किंवा थांबवतात. पण कोणत्या पेशीत कोणता फॅक्टर यायचा? त्याचं उत्तर भ्रूणात आहे. त्वचेचा वरचा थर आणि मेंदू, दोन्ही भ्रूणाच्या बाह्यस्तरातून (सर्वांत बाहेरच्या थरातून) येतात, म्हणजे या दोन पेशी एकाच घरच्या. शेजारच्या पेशींकडून येणाऱ्या रासायनिक संदेशांवरून कोणी त्वचेकडे वळायचं आणि कोणी चेतासंस्थेकडे, हे ठरतं. पुढे डीएनएवर मिथाइल गट (छोटे रासायनिक गट) चिकटणं, डीएनए घट्ट गुंडाळला जाणं अशा बदलांनी तो निर्णय टिकून राहतो.

पाठ्यपुस्तकं इथे थांबतात, आणि मला ते फार खटकतं, कारण पुरावा त्याहून सुंदर आहे. जीवशास्त्रज्ञ जॉन गर्डन यांनी टॅडपोलच्या (बेडकाच्या पिल्लाच्या) आतड्यातल्या पेशीचं केंद्रक काढून, स्वतःचं केंद्रक निकामी केलेल्या बेडकाच्या अंड्यात घातलं. बहुतेक प्रयत्न फसले, पण काही अंड्यांतून चांगले पोहणारे टॅडपोल तयार झाले. 1962 साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. आतड्याच्या पेशीने जनुकं गमावली असती, तर डोळे, स्नायू, मेंदू आले कुठून?

तुमच्या प्रश्नाला आणखी जवळचा प्रयोग 2010 मधला. उंदराच्या शेपटीच्या टोकातल्या, संयोजी ऊतीच्या (अवयवांना आधार देणाऱ्या ऊतीच्या) पेशींत फक्त तीन ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर घातले आणि त्यातल्या काहींच्या चेतापेशी झाल्या. नुसत्या दिसायला नव्हे, त्या विद्युत आवेगही निर्माण करत होत्या.

परीक्षेत मात्र ‘सर्व पेशींत’ असं न लिहिता ‘जवळपास सर्व पेशींत’ असं लिहा. परिपक्व तांबड्या रक्तपेशीत केंद्रकच नसतं, अंडपेशी आणि शुक्रपेशीत गुणसूत्रं निम्मी असतात. आणि प्रतिपिंडं (रोगजंतूंशी लढणारी प्रथिनं) बनवणाऱ्या बी-लसिकापेशी, म्हणजे एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी, त्या प्रतिपिंडांच्या जनुकांचे तुकडे खरोखरच कापून नव्याने जोडतात, म्हणजे जनुकांचा काही भाग काढून टाकण्याची तुमची कल्पना तिथे चक्क खरी ठरते.