वाय-फाय लागले आहे, मग इंटरनेट कुठे अडते?

नमस्कार ताई. आपण लिहिल्याप्रमाणे इंदूरला लोकमान्य नगरातील आपल्या घरी फायबरचे कनेक्शन तळमजल्यावर आहे, वरच्या मजल्यासाठी दिवाळीपूर्वी वायरमनने दुसरा राउटर बसवून दिला, आणि तेव्हापासून आपल्या विंडोज ११ च्या लॅपटॉपवर वाय-फायच्या सगळ्या रेघा दिसत असूनही ‘नो इंटरनेट, सिक्युअर्ड’ असा शेरा येतो. कधी तासभर सुरळीत चालते, मग पुन्हा बंद पडते. मोबाइल मात्र त्याच वाय-फायवर चालतो, आणि जेल रोडवरच्या एका दुकानात वाय-फाय कार्ड बदलण्याचे १,८०० रुपये सांगितले आहेत.

कार्ड तूर्त बदलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कार्ड बिघडले असते तर बहुधा राउटरशी जोडणीच झाली नसती, किंवा ती सारखी तुटत राहिली असती. आपल्याकडे जोडणी टिकून आहे. घोटाळा तिच्या पुढे आहे.

‘कनेक्टेड’ या शब्दाचा अर्थ एवढाच की लॅपटॉप आणि राउटर यांच्यात पासवर्ड जुळला व दोघांचे बोलणे सुरू झाले. राउटरच्या पलीकडे रस्ता आहे की नाही, हे विंडोज वेगळे तपासते : मायक्रोसॉफ्टच्या एका ठरावीक पत्त्यावरून ती ‘मायक्रोसॉफ्ट कनेक्ट टेस्ट’ एवढेच शब्द असलेली चिमुकली मजकूर-फाइल मागवते आणि ती आली नाही की ‘नो इंटरनेट’ म्हणते. ऑफिसचे व्हीपीएन, म्हणजे ऑफिसच्या जाळ्यात शिरण्याचा खासगी मार्ग, चालू असेल तर कधीकधी ही फाइल येत नाही आणि इंटरनेट चालत असूनही शेरा तसाच राहतो, म्हणून शेऱ्यापेक्षा प्रत्यक्ष तपासणीवर भरवसा ठेवावा.

त्याआधी मोबाइलची साक्ष पारखून घ्यावी. वाय-फायला इंटरनेट नाही असे दिसले की आजचे पुष्कळ मोबाइल गुपचूप सिमच्या डेटावर जातात आणि आपण समजतो की वाय-फाय उत्तम आहे. मोबाइल डेटा बंद करून, वरच्या मजल्यावर लॅपटॉपच्या शेजारीच बसून पुन्हा पाहावे. माझा अंदाज असा की तेव्हा मोबाइलही अधूनमधून अडेल.

आता लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञा टंकायची खिडकी, उघडून ‘आयपीकॉन्फिग /ऑल’ (ipconfig /all) ही आज्ञा द्यावी. (आज्ञा इंग्रजी अक्षरांत आणि अंकही इंग्रजीच टंकावेत, हे वेगळे सांगायला नको.) जी लांबलचक यादी येते, तिच्यात वाय-फायच्या मथळ्याखालचा आयपीव्ही४ पत्ता, म्हणजे घरच्या जाळ्यातला लॅपटॉपचा क्रमांक, पाहावा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर लॅपटॉपला राउटरकडून पत्ता मिळालाच नाही आणि त्याने स्वतःच एक ठेवून घेतला आहे, असे समजावे. पत्ता १९२.१६८.१ ने सुरू होत असेल तर पुढे तीन वेळा पिंग करावे, म्हणजे ‘पिंग’ या शब्दापुढे पत्ता टंकून तिकडून उत्तर येते का ते पाहावे : आधी यादीतील ‘डिफॉल्ट गेटवे’ला, म्हणजे लॅपटॉपची बाहेर जाण्याची वाट असलेल्या राउटरला, ज्याचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ असतो, मग ८.८.८.८ या गूगलच्या सर्व्हरला. आणि शेवटी एखाद्या संकेतस्थळाच्या नावाला. पहिलेच अडले तर दोष लॅपटॉप आणि राउटर यांच्यामध्ये आहे. पहिले चालून दुसरे अडले तर राउटरच्या पुढचा रस्ता बंद आहे. पहिली दोन्ही चालून नावापाशी गाडी अडली तर दोष डीएनएसचा, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा अंकी पत्ता शोधून देणाऱ्या सेवेचा आहे, आणि मग वाय-फायच्या सेटिंगमध्ये डीएनएस म्हणून ८.८.८.८ किंवा १.१.१.१ घातल्यावर काम होते.

आपल्या वर्णनावरून पहिले पिंग चालेल आणि दुसरे अडेल, असे मला वाटते. याचे कारण वायरमनच्या त्या दुसऱ्या राउटरमध्ये असावे. खालचा फायबरचा डबा (तोही एक राउटरच) आणि वरचा राउटर दोघांचाही कारखान्यातून आलेला पत्ता बहुतेक वेळा १९२.१६८.१.१ हाच असतो, आणि घरातल्या यंत्रांना पत्ते वाटण्याचे काम, ज्याला डीएचसीपी म्हणतात, तेही दोघांत चालू असते. खालून आलेली लॅन केबल वरच्या राउटरच्या वॅन पोर्टऐवजी (जिथे बाहेरून येणारे इंटरनेट लावतात) लॅन पोर्टमध्ये (जिथे घरातली यंत्रे जोडतात) खोचली असेल तर एकाच घरात दोन कारभारी बसले, आणि दोघांचे नावही एकच. लॅपटॉपने १९२.१६८.१.१ अशी हाक मारली की जो आधी ‘ओ’ देईल त्याच्याकडे तो आपली सगळी टपाले सोपवतो. खालच्याने दिली तर इंटरनेट चालते. वरच्याने दिली तर टपाल तिथेच पडून राहते, कारण त्याच्या वॅन पोर्टमध्ये केबलच नसल्यामुळे बाहेर जाण्याची वाट त्याला ठाऊक नाही. तासभर चालणे आणि मग बंद पडणे, या लहरीपणाचा उलगडा असा होतो.

याची खात्री करणे सोपे आहे. इंटरनेट चालत असताना ‘एआरपी -ए’ (arp -a) ही आज्ञा द्यावी आणि १९२.१६८.१.१ समोर दिसणारा बारा अक्षरांचा फिजिकल पत्ता कागदावर उतरवावा. बंद पडल्यावर पुन्हा तीच आज्ञा देऊन दोन्ही ताडून पाहावेत. पत्ता बदललेला दिसला तर चोर सापडला. दोन्ही राउटरच्या पोटाखालच्या लेबलांवर ‘मॅक’ म्हणून असाच पत्ता छापलेला असतो. शेवटची एक-दोन अक्षरे इकडची तिकडे असू शकतात, पण पहिली सहा अक्षरे बनवणाऱ्या कंपनीची असल्यामुळे दोन राउटर दोन कंपन्यांचे असतील तर कोणता कोण हे लगेच ओळखता येते.

उपाय दोन आहेत. केबल वॅन पोर्टमध्ये लावून वरच्या राउटरचा पत्ता १९२.१६८.२.१ करणे हा एक. पण त्यामुळे वरचा मजला वेगळे जाळे होऊन बसतो आणि खालचा प्रिंटर वरून सापडेनासा होतो. म्हणून मी वरच्या राउटरला केवळ अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे पत्ते न वाटता नुसते वाय-फाय पुरवणारा डबा, करून ठेवतो. खालून येणारी केबल आधी काढावी, लॅपटॉप वरच्या राउटरलाच केबलने जोडावा आणि ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ उघडून त्याचा लॅन पत्ता १९२.१६८.१.२५० करावा. राउटर पुन्हा सुरू झाल्यावर या नव्या पत्त्यावर जाऊन डीएचसीपी बंद करावे. मग खालची केबल लॅन पोर्टमध्येच लावावी. खालच्या डब्याच्या वाटपाच्या यादीत २५० हा क्रमांक येत असेल तर ती यादी २०० पर्यंत आखडावी. पुष्कळ राउटरमध्ये ‘अ‍ॅक्सेस पॉइंट मोड’ असा तयार पर्यायही असतो; तो निवडल्यास केबल कोणत्या पोर्टमध्ये लावायची हे त्या राउटरच्या पुस्तिकेत पाहावे. शेवटी लॅपटॉपवर ‘आयपीकॉन्फिग /रिलीज’ आणि ‘आयपीकॉन्फिग /रिन्यू’ या आज्ञा देऊन नवा पत्ता घ्यावा.

हे मी इतक्या ठामपणे लिहितो, कारण माझ्या स्वतःच्या घरी याच गोष्टीपायी एक अख्खा रविवार गेला. मी लॅपटॉपमध्ये वाय-फाय कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर, काढून पुन्हा घातला, ‘नेटशेल विनसॉक रीसेट’ ही नेटवर्कची सेटिंग मूळपदावर आणणारी आज्ञा दिली, वैतागून ‘नेटवर्क रीसेट’ही केले आणि साठवलेले सगळे वाय-फाय पासवर्ड गमावून बसलो. संध्याकाळी चहा घेताना सहज राउटरच्या मागे नजर गेली, तर निळे वॅन पोर्ट रिकामे आणि केबल पिवळ्या पोर्टात. तेव्हापासून ‘नेटवर्क रीसेट’ मी अगदी अखेरीस, आणि पासवर्ड लिहून घेतल्यावरच करतो.

दोन राउटरचा हा घोटाळा आपल्याकडे नसलाच, तर वाय-फायच्या सेटिंगमध्ये ‘आयपी असाइनमेंट’ हे ‘ऑटोमॅटिक’ आहे का ते पाहावे; ऑफिसात कोणी कायमचा पत्ता घालून दिला असेल तर तो घरी चालत नाही. ‘नेटवर्क अँड इंटरनेट’च्या सेटिंगमध्ये ‘प्रॉक्सी’खाली ऑफिसचे जुने प्रॉक्सी, म्हणजे इंटरनेटसाठी मध्ये ठेवलेला मध्यस्थ सर्व्हर, राहिले असल्यास तेही काढावे. लॅपटॉपचे घड्याळ चुकले असेल तर ‘नो इंटरनेट’ असे येत नाही, मात्र सुरक्षित संकेतस्थळे प्रमाणपत्राची तक्रार करून उघडत नाहीत. आणि तळमजल्यावरच्या डब्यावर ‘एलओएस’ हा दिवा लाल दिसत असेल तर फायबरमधून प्रकाशच येत नाही; तिथे आपला इलाज नाही, कंपनीला फोन करावा.

केबल योग्य जागी बसली आणि सगळे नीट चालू लागले की वरच्या राउटरच्या रिकाम्या निळ्या पोर्टवर चिकटपट्टी लावून ‘इथे काही लावू नये’ असे पेनाने लिहून ठेवावे. साफसफाईत कोणी ना कोणी केबल काढतो, आणि परत लावताना समोर दिसेल त्या भोकात लावतो.