माझ्या पार्सरची जात कोणती?

प्रश्न: गणिती एक्स्प्रेशन वाचणारा एक छोटा पार्सर मी कुठलंही पुस्तक न बघता लिहिलाय. एकच फंक्शन आहे, ते आधी एक आकडा वाचतं, मग पुढचा ऑपरेटर बघतं, त्याची पातळी (बेरीज-वजाबाकी १, गुणाकार-भागाकार २) आपल्याला मिळालेल्या किमान पातळीपेक्षा कमी नसेल तर तो घेतं, उजवी बाजू वाचायला त्या ऑपरेटरचीच पातळी देऊन स्वतःला कॉल करतं, दोन्ही बाजू जोडतं आणि परत लूपमध्ये येतं. एक मित्र म्हणतो हे रिकर्सिव्ह डिसेंट, दुसरा म्हणतो शिफ्ट-रिड्यूस. कोणाचं बरोबर? आणि ८ - ३ - २ चं उत्तर ७ का येतं?

उत्तर: तुम्ही जे लिहिलंय त्याला प्रिसिडेन्स क्लायंबिंग म्हणतात, आणि न बघता तिथपर्यंत पोचलात याचं खरंच कौतुक वाटलं.

पहिल्या मित्राचं बरंचसं बरोबर आहे, कारण फंक्शन वरून खाली स्वतःला कॉल करत जातं. पण नेहमीच्या रिकर्सिव्ह डिसेंटमध्ये प्रत्येक पातळीला वेगळं फंक्शन असतं, बेरजेचं एक, गुणाकाराचं एक, कंस आणि आकड्यांचं एक, तुम्ही ती सगळी एकात गुंडाळून पातळी हा नुसता आकडा करून टाकलाय. दुसरा मित्रही उगाच बोलत नाहीये. शिफ्ट-रिड्यूसमध्ये वाचलेलं एकेक स्टॅकवर, म्हणजे शेवटी ठेवलेलं आधी निघणाऱ्या चळतीवर, ठेवत जातात आणि जोडता येईल तेव्हा जोडून टाकतात. ओळखायची माझी पद्धत अशी की अर्धवट राहिलेला ऑपरेटर थांबतो कुठे ते बघायचं. २ + ३ × ४ घ्या, ३ × ४ वाचून होईपर्यंत २ आणि + बाहेरच्या कॉलमध्ये अडकून बसलेले असतात. संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी १९६१ मध्ये मांडलेल्या शंटिंग यार्ड या पद्धतीत हेच थांबणं आपण हाताने ठेवलेल्या स्टॅकवर होतं, रेल्वे यार्डात डबे बाजूच्या रुळावर काढून ठेवतात ना, तसं. तुमच्याकडे तो स्टॅक तुम्ही लिहिलेला नाही, फंक्शन कॉलचा आपोआप मिळालेला आहे, म्हणून शिफ्ट-रिड्यूस हे नाव मी नाही देणार.

आता ७ चं. पहिला वजा घेतल्यावर तुम्ही आतल्या कॉलला किमान पातळी १ च देता, आतला कॉल ३ वाचतो, पुढे परत वजा दिसतो, त्याची पातळी १, ती चालते, मग तो ३ - २ करून १ परत देतो आणि बाहेर ८ - १ होतं. आत पाठवताना पातळीत एक मिळवा, म्हणजे २ द्या, मग आतला कॉल ३ घेऊन लगेच परत येईल, बाहेरचा लूप आधी ५ आणि मग ३ काढेल. हे मिळवणं सरसकट करू नका मात्र! घाताचा ऑपरेटर पुढेमागे घातलात तर त्याला तीच पातळी द्यायची, कारण तो उजवीकडून जोडला जातो, २ ^ ३ ^ २ चं उत्तर २ ^ (३ ^ २), म्हणजे ५१२ यायला हवं, एक मिळवलात तर (२ ^ ३) ^ २, म्हणजे ६४ येईल.

सुरुवातीला येणारा वजा, म्हणजे -३ सारखं काही, घालायचं झालं तर जिथे आकडा वाचता तिथेच त्याची सोय करा. असे प्रकार वाढले की प्रत्येक टोकनचं (आकडा, ऑपरेटर, कंस असा एकेक तुकडा) सुरुवातीला आल्यावरचं वागणं वेगळं आणि डावीकडे काही असतानाचं वेगळं असं एका टेबलात मांडता येतं, त्याला प्रॅट पार्सर म्हणतात, वॉन प्रॅट यांनी तो १९७३ मध्ये मांडला. तुमच्या कोडपासून तिथे जायला फार मोडतोड करावी लागणार नाही, लूप आहे तसाच राहतो.