वेल्सचा २० वर्षांखालील रग्बी संघ ९२–० असा हरला होता, तरी त्याला चांगला संघ का मानतात?

न्यूझीलंडकडून ९२–० असा पराभव पत्करलेल्या संघाचे कौतुक नेमके कशासाठी करायचे, असे आपण विचारले आहे. नोकरीनिमित्त मी कार्डिफमध्ये राहतो आणि या मुलांचे इथले सामने शक्यतो चुकवत नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

तो आकडा खरा आहे. २०११ च्या जून महिन्यात इटलीत झालेल्या कनिष्ठ विश्वविजेतेपद स्पर्धेतला तो साखळी सामना होता. रग्बीत एका ट्रायचे, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवण्याचे, ५ गुण मिळतात आणि त्यानंतरची किक साधली की आणखी २. त्या हिशेबाने ८० मिनिटांच्या खेळात वेल्सवर साधारण दर सहा मिनिटांनी सात गुण चढत होते. अशा पराभवाचे समर्थन करता येत नाही आणि मी ते करणारही नाही.

पण त्यापुढचे वर्ष पाहिल्याशिवाय हा आकडा वाचू नये, असे माझे मत आहे. २००८ मध्ये ही स्पर्धा सुरू झाल्यापासून पहिली चारही विजेतेपदे न्यूझीलंडने मिळवली होती आणि चार वर्षांत एकही सामना गमावला नव्हता. २०१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील स्टेलनबॉश येथे त्यांना या स्पर्धेतला पहिला पराभव पाहावा लागला, तो याच वेल्सकडून, ९–६ असा. हे गुण जरा निरखून पाहा. ट्रायचे ५, त्यानंतरच्या एकाच किकचे २ आणि पेनल्टी किंवा ड्रॉप किकचे ३ अशी कशीही बेरीज केली, तरी ९ किंवा ६ हा आकडा ट्रायमधून येत नाही. म्हणजे दोन्ही संघांना मिळालेले सगळे गुण किकचेच. वर्षभरापूर्वी ज्यांनी ९२ गुण लुटले होते, त्यांना वेल्सने पूर्ण सामन्यात एकदाही चेंडू रेषेपलीकडे टेकवू दिला नाही. माझ्या लेखी या संघाच्या इतिहासातील हा सर्वांत मोठा विजय आहे. पुढे त्याच स्पर्धेच्या उपांत्य फेरीत न्यूझीलंडने परतफेड केली, हेही नोंदवले पाहिजे. वेल्सला तिसऱ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले.

वयोगटाच्या संघाची कामगिरी वाचताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. मुलगा विशीच्या पुढे गेला की बाद होतो, त्यामुळे एखादा खेळाडू या संघात दोन वर्षांहून अधिक काळ क्वचितच दिसतो. आपण ज्याला ‘वेल्सचा संघ’ म्हणतो, तो दरवर्षी बव्हंशी नवा असतो. सुमारे ३० लाख वस्तीच्या देशाला दरवर्षी नव्याने अशी तुकडी उभी करणे सोपे नाही. एखाद्या वर्षी पुढच्या फळीत दणकट मुले मिळाली नाहीत, तर त्या वर्षी स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही संघांच्या पुढच्या खेळाडूंच्या रेटारेटीत, मार खावाच लागतो. तरीही कनिष्ठ विश्वविजेतेपदाच्या सुरुवातीपासून प्रत्येक स्पर्धेत हा संघ वरच्या गटात खेळला आहे. शेजारच्या स्कॉटलंडला २०१९ मध्ये शेवटच्या क्रमांकामुळे खालच्या गटात उतरावे लागले होते.

चषकांचा हिशेब मात्र थोडक्यात आटोपतो. विश्वविजेतेपद एकदाही नाही. २०१३ मध्ये फ्रान्समध्ये उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेला १८–१७ असे हरवून संघ अंतिम फेरीत पोहोचला, पण तिथे आघाडी घेऊनही इंग्लंडकडून २३–१५ असा हरला. त्या वर्षीचा सर्वोत्तम कनिष्ठ खेळाडू म्हणून वेल्सच्याच सॅम डेव्हिसची निवड झाली. २०१६ मध्ये सिक्स नेशन्स या युरोपातील सहा देशांच्या वार्षिक स्पर्धेतील पाचही सामने जिंकून संघाने ग्रँड स्लॅम साधला.

या संघाचे खरे देणे म्हणजे इथून पुढे गेलेली मुले. २००८ च्या संघाचा कर्णधार सॅम वॉरबर्टन पुढे मुख्य संघाचा आणि दोनदा ब्रिटिश अँड आयरिश लायन्स या ब्रिटन-आयर्लंडच्या निवडक खेळाडूंच्या संघाचाही कर्णधार झाला. २०२३ च्या विश्वचषकात वेल्सचे संयुक्त कर्णधार असलेले जॅक मॉर्गन आणि डेवी लेक हे दोघेही याच संघातून आले. २०१९ मध्ये अर्जेंटिनातील रोसारियो येथे घोटाभर चिखलात वेल्सने न्यूझीलंडला पुन्हा ८–७ असे हरवले, तेव्हा लेक कर्णधार होता.

मी स्वतः पाहिलेला एक सामना सांगतो. १४ मार्च २०२५, शुक्रवारची संध्याकाळ, कार्डिफ आर्म्स पार्क. सिक्स नेशन्समध्ये इंग्लंडच्या मुलांना ग्रँड स्लॅमसाठी एवढा एकच विजय हवा होता. माझ्या शेजारी बसलेल्या आजींनी कार्यक्रमपत्रिकेच्या कोपऱ्यात पेन्सिलीने गुण मांडायला घेतले होते. वेल्सची मुले टॅकल करून, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्याला पाडून, उठत होती आणि श्वास घेण्याआधी पुन्हा रांगेत उभी राहत होती. वेल्स २३–१३ असे जिंकले, तेव्हा आजींनी शेवटचा आकडा लिहिला, पेन्सिल पर्समध्ये ठेवली आणि मग दोन्ही हातांनी माझा हात घट्ट धरला. इंग्लंडचा ग्रँड स्लॅम हुकला आणि विजेतेपद फ्रान्सकडे गेले.

आर्म्स पार्कला अगदी खेटून मुख्य संघाचे प्रिन्सिपॅलिटी स्टेडियम आहे. दुसऱ्याच दिवशी तिथे इंग्लंडने वेल्सच्या मुख्य संघाला ६८–१४ असे हरवले. म्हणून कनिष्ठ संघाच्या विजयावरून मुख्य संघाचे भविष्य सांगायला मी धजावणार नाही. आपला प्रश्न मात्र कनिष्ठ संघापुरता आहे, आणि आदल्या रात्री मी पाहिलेली ती मुले चांगल्या संघाचीच होती.